पहिल्या बेसकडे न धावलेला माणूस आणि ३० कोटी डॉलर

डिसेंबर २०२४ मध्ये हुआन सोटो नावाच्या २६ वर्षांच्या बेसबॉलपटूने न्यूयॉर्क मेट्सशी १५ वर्षांचा करार केला. रक्कम ७६.५ कोटी डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने साडेसहा हजार कोटी रुपयांच्या आसपास. त्याच्या दोनच आठवडे आधी जेद्दाहच्या आयपीएल लिलावात ऋषभ पंतवर २७ कोटी रुपयांची बोली लागली होती आणि आपण तोंडात बोटं घातली होती.

आकड्याचं नवल आठवड्याभरात ओसरतं. पण न्यू जर्सीत किंवा बोस्टनला तुमचं कुणी नात्यातलं असेल, तर दर हिवाळ्यात त्यांच्याकडून आणखी एक प्रकार कानावर येत असेल. मैदानं रिकामी, सामना एकही नाही, आणि तरीही लोक रात्री दोन वाजेपर्यंत भांडतायत. अमका कुठल्या संघात जाणार? आणि मुळात तो माणूस कसा आहे? आळशी आहे का, गर्विष्ठ आहे का, पैशामागे धावणारा आहे का, आपल्या संघात 'शोभेल' का?

खेळाडूच्या स्वभावावरचा वाद आणि त्याच्या सहीबद्दलच्या अफवा या बाहेरून दोन वेगळ्या गोष्टी दिसतात. माझ्या मते त्या एकाच बाजाराच्या दोन बाजू आहेत. खेळाडूची किंमत ठरत असते, ती बंद दाराआड ठरत असते, आणि दाराबाहेर जे काही बोललं जातं त्यातल्या बऱ्याच वाक्यांनी कुणाचा तरी भाव वर-खाली होत असतो. हे नीट कळायला मॅनी मचाडोचं प्रकरण सगळ्यात चांगलं. त्याआधी थोडी पायाभरणी.

## फ्री एजंट म्हणजे नेमका कोण?

ज्याचा करार संपला आहे आणि जो आता कुठल्याही क्लबशी स्वतःच्या मर्जीने बोलणी करू शकतो, तो फ्री एजंट. ऐकायला साधं वाटतं. नोकरीचा करार संपला की माणूस मोकळाच असतो, त्यात विशेष काय? पण अमेरिकन बेसबॉलमध्ये जवळजवळ शंभर वर्षं तसं नव्हतं.

प्रत्येक करारात एक कलम असे: करार संपला तरी क्लब तो आणखी एक वर्ष वाढवू शकतो. मालकांचं म्हणणं, वाढवलेल्या करारातही तेच कलम आलं, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा वाढवता येईल, आणि त्याच्या पुढच्याही. थोडक्यात, एकदा सही केली की जन्मभराची बांधिलकी, तीही एकतर्फी. क्लब मात्र खेळाडूला हवं तेव्हा दुसऱ्या क्लबला देऊन टाकू शकत असे.

ऑक्टोबर १९६९ मध्ये सेंट लुइस कार्डिनल्सने कर्ट फ्लडला असंच फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. तो कार्डिनल्सकडून १२ वर्षं खेळला होता. त्याने जायला नकार दिला, बेसबॉलच्या कमिशनरला पत्र लिहिलं की मी विकत घेण्या-देण्याची मालमत्ता नाही, आणि खटला भरला. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो ५ विरुद्ध ३ मतांनी हरला. त्याची कारकीर्द त्यातच संपली. त्या काळी फ्लडबद्दल काय बोललं गेलं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे: वर्षाला ९० हजार डॉलर मिळतात तरी कुरकुर करतो, कृतघ्न आहे, खेळाचा सत्यानाश करायला निघालाय. मोकळीक मागणाऱ्या खेळाडूच्या चारित्र्याची चर्चा तेव्हापासूनची आहे.

जे न्यायालयात झालं नाही ते एका लवादाने केलं. खेळाडूंच्या संघटनेचे प्रमुख मार्व्हिन मिलर यांनी अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन गोलंदाजांची प्रकरणं पुढे आणली. डिसेंबर १९७५ मध्ये लवाद पीटर साइट्झ यांनी निकाल दिला की 'एक वर्ष' याचा अर्थ एकच वर्ष. मालकांनी साइट्झना लगेच कामावरून काढून टाकलं, पण निकाल टिकला.

त्यानंतरच्या तडजोडीत आजचा नियम आला. मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वोच्च पातळीच्या लीगमध्ये, सहा वर्षांची सेवा पूर्ण झाली की खेळाडू मोकळा. पहिली तीनेक वर्षं बहुतेक जण किमान पगाराच्या जवळपास खेळतात, पुढची तीन वर्षं पगारावर घासाघीस करता येते, पण क्लब सोडता येत नाही. म्हणजे खेळाडू आपल्या तारुण्याची पहिली सहा वर्षं बाजारभावापेक्षा बऱ्याच कमी पैशांत देतो. बहुतेकांच्या आयुष्यात ही मोकळीक एकदाच येते, तीही तिशीच्या उंबरठ्यावर. विसाव्या वर्षाच्या आसपासच मेजर लीगमध्ये आलेला एखादा सोटो किंवा मचाडो २६ व्या वर्षी मोकळा होतो, आणि म्हणून त्याची किंमत वेडीवाकडी होते: पुढची सगळी उमेदीची वर्षं विक्रीला असतात.

## लिलाव नाही, मग भाव ठरतो कसा?

आयपीएलमध्ये सगळं उघड असतं. प्रत्येक संघाच्या थैलीत किती शिल्लक आहे हे पडद्यावर दिसतं, पाटी कुणी वर केली ते दिसतं, हातोडा पडला की विषय संपला. बेसबॉलमध्ये यातलं काहीही नाही. ३० क्लब आहेत, आणि कुणी किती खर्च करावा यावर पक्की मर्यादा नाही. एका ठराविक रकमेवर (२०२५ साठी ती २४.१ कोटी डॉलर होती) एकूण पगारखर्च गेला तर वरच्या भागावर दंडवजा कर भरावा लागतो, एवढंच. ज्या मालकाला तो कर भरायचा आहे, तो भरतो.

बोलणी खेळाडूचा एजंट आणि क्लबचा जनरल मॅनेजर यांच्यात होतात, फोनवर, हॉटेलच्या खोल्यांत. कुणी किती देऊ केलं हे फक्त एजंटला पूर्ण माहीत असतं. क्लबांनी आपसात ठरवून भाव पाडायला सक्त मनाई आहे. १९८५ ते ८७ या काळात मालकांनी ते केलं, पकडले गेले, आणि १९९० मध्ये २८ कोटी डॉलरची भरपाई कबूल करून सुटले. त्यामुळे एका क्लबने दुसऱ्याला 'तू किती दिलेस रे?' असं विचारण्याची सोय नाही.

आता पुण्यात किंवा ठाण्यात कधी फ्लॅट बघायला गेला असाल तर पुढचं आपोआप कळेल. ब्रोकर हळूच सांगतो, "साहेब, दुसरी एक पार्टी उद्या टोकन घेऊन येतेय." ती पार्टी आहे की नाही हे कळायला तुमच्याकडे मार्ग नसतो. कधी खरंच असते, कधी ब्रोकरच्या डोक्यात असते. बेसबॉलमध्ये या पार्टीला 'मिस्टरी टीम' म्हणतात, आणि हा शब्द दर डिसेंबरला इतका चालतो की लोकांनी त्यावर विनोद करणंही सोडलं असेल. फरक इतकाच की फ्लॅटचा ब्रोकर फक्त तुमच्या कानात कुजबुजतो. इथे तोच निरोप नामांकित वार्ताहराच्या तोंडून लाखो लोकांपर्यंत जातो, 'सूत्रांच्या माहितीनुसार' असा शिक्का मारून.

## मचाडो प्रकरण

मॅनी मचाडो मूळचा मायामीचा, डॉमिनिकन वंशाच्या कुटुंबातला. २०१० च्या ड्राफ्टमध्ये (क्लब नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात, तो कार्यक्रम) बाल्टिमोर ओरिओल्सने त्याला तिसऱ्या क्रमांकावर निवडलं, २०१२ मध्ये विशीत तो मेजर लीगला आला. तिसऱ्या बेसवर त्याच्यासारखा क्षेत्ररक्षक विरळा. २०१८ चा हंगाम हा त्याच्या मोकळं होण्याआधीचा शेवटचा. ओरिओल्स हरत होते, करार संपणारच होता, म्हणून जुलैमध्ये त्यांनी त्याला पाच होतकरू खेळाडूंच्या बदल्यात लॉस एंजेलिस डॉजर्सला देऊन टाकलं. अर्थात, त्याला कुणी विचारलं नाही.

ऑक्टोबरमध्ये डॉजर्स मिलवॉकी ब्रुअर्सविरुद्ध नॅशनल लीगची अंतिम मालिका खेळत होते. दुसऱ्या सामन्यात मचाडोने चेंडू जमिनीवरून थेट क्षेत्ररक्षकाकडे मारला. क्रिकेटमध्ये चेंडू मारल्यावर पळायचं की नाही हे फलंदाज ठरवतो. बेसबॉलमध्ये मैदानात चेंडू मारला की पहिल्या बेसकडे पळायलाच हवं, ते अंतर ९० फूट. क्षेत्ररक्षकाने चेंडू आधी पोचवला की तुम्ही बाद, आणि अशा साध्या फटक्यावर जवळजवळ नेहमीच तो आधी पोचतो. तरी जीव तोडून पळायचं, कारण शंभरात एखाद्या वेळी हातातून चेंडू निसटतो. या जीव तोडण्याला 'हसल' म्हणतात, आणि अमेरिकन चाहत्यांच्या मनात हा शब्द देवघरात ठेवलेला असतो. मचाडो पळाला नाही. रमतगमत निघाला.

मग त्याला त्याबद्दल मुलाखतीत विचारलं गेलं. माफी मागून मोकळं व्हायचं, तर तो म्हणाला की प्रत्येक फटक्यावर पळत जाऊन बेसवर घसरणारा 'जॉनी हसल' मी नाही, तो माझा स्वभाव नाही. मुलाखत छापून आली त्याच दिवशी, चौथ्या सामन्यात, पहिल्या बेसजवळून जाताना त्याचा पाय ब्रुअर्सच्या हेसुस अग्विलारच्या पायावर आदळला. लीगने दंड केला. ब्रुअर्सचा ख्रिश्चन येलिच सरळ म्हणाला, घाणेरडा खेळाडू आहे, घाणेरडं खेळतो. २०१७ मध्ये त्याने बॉस्टनच्या डस्टिन पेड्रोयाच्या पायात घसरत जाऊन त्याला जखमी केलं होतं, तेही लोकांनी पुन्हा उकरून काढलं. वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे विजेतेपदाच्या मालिकेचा, शेवटचा चेंडू चुकवून गुडघ्यावर बसलेला फलंदाजही तोच होता. दैवयोग म्हणावा.

आणि त्यानंतर काही दिवसांतच तो बाजारात उभा राहिला.

न्यूयॉर्क यांकीजचे मालक हॅल स्टाइनब्रेनर नोव्हेंबरमध्ये पत्रकारांना म्हणाले की 'जॉनी हसल'चं ते वक्तव्य आमच्याकडे खपणार नाही, भेटलो तर त्याला त्याबद्दल विचारीन. चाहत्यांना हे बाणेदार वाटलं. घराण्याची शिस्त, वगैरे. मला ते वाक्य वाचताना वाटतं की हे एका खरेदीदाराचं वाक्य आहे. खरेदीदाराने मालातला डाग सगळ्यांसमोर दाखवून दिला तर त्यात नीतिमत्ता किती आणि घासाघीस किती, हे वेगळं करणं कठीण. डिसेंबरमध्ये यांकीजने मचाडोला स्टेडियमवर बोलावून भेट घेतलीच. शेवटी त्यांनी स्वस्तात डीजे लमेह्यू घेतला आणि मचाडोवर मोठी बोली लावली नाही.

## न पळणं खरंच एवढं गंभीर आहे का?

इथे चाहत्यांचा आक्षेप खोटा नाही. प्लेऑफमध्ये एकेक धाव मोलाची, तिथेही तू चालणार असशील तर जुलैतल्या रटाळ मंगळवारी काय करशील?

पण त्याच २०१८ मध्ये मचाडो १६२ सामने खेळला. मेजर लीगचा हंगामच १६२ सामन्यांचा असतो. दोन संघ मिळून पूर्ण हंगामाइतके सामने, आणि त्यात ३७ होम रन, म्हणजे थेट कुंपणापार गेलेले फटके. आळशी माणसाचं हे प्रगतिपुस्तक जरा विचित्र आहे. साडेसहा महिन्यांहून कमी काळात १६२ सामने खेळायचे असतील, तर शंभरातल्या नव्याण्णव निरर्थक धावांमध्ये मांडीचा स्नायू पणाला लावायचा का, हा खरोखरचा हिशेब आहे. यांकीजचा रॉबिन्सन कानो याच कारणासाठी वर्षानुवर्षं शिव्या खात होता, आणि २००७ ते २०१३ या सात वर्षांत प्रत्येक हंगामात तो किमान १५९ सामने खेळला. पळत नाही म्हणून बोलणी खाणारा गडी रोज हजर असतो, आणि जीव तोडून पळणारा जून महिना दुखापतींच्या यादीत काढतो, हे बेसबॉलमध्ये अनेकदा दिसतं.

म्हणून मचाडोचं त्या दिवशीचं चालणं बरोबर होतं असं मला म्हणायचं नाही. ऑक्टोबरमध्ये स्नायू वाचवून ठेवण्यात काही अर्थ नाही, पुढे सुट्टीच आहे. त्याने नंतर स्वतःही मान्य केलं की ते बोलणं चुकीचं ठरलं. मुद्दा इतकाच की दूरचित्रवाणीवर चार सेकंदांचं चालणं दिसतं, १६२ दिवसांची हजेरी दिसत नाही. स्वभावाबद्दलचं आपलं मत दिसलेल्या गोष्टीवर बनतं.

'हसल' कुणाचा मोजला जातो, हाही प्रश्न लोक विचारतात. लॅटिन अमेरिकन खेळाडूंना हे विशेषण जास्त सहज चिकटतं, अशी तक्रार जुनी आहे आणि तिच्यात तथ्य वाटतं. मात्र गोऱ्या खेळाडूंची यातून सुटका होते असंही नाही. मचाडोबरोबर त्याच हिवाळ्यात मोकळ्या झालेल्या ब्राइस हार्परला २०१५ मध्ये त्याच्याच संघातल्या गोलंदाजाने, जोनाथन पॅपलबॉनने, पळाला नाही म्हणून डगआउटमध्ये गळा धरून ढकललं होतं. कॅमेऱ्यांसमोर. हार्परला पुढे फिलाडेल्फियाने १३ वर्षांसाठी ३३ कोटी डॉलर दिले.

## मग स्वभावाला काही किंमतच नाही?

आहे. पण क्लब ज्याला स्वभाव म्हणतात आणि आपण ज्याला म्हणतो, त्यात अंतर आहे.

दहा वर्षांचा करार करताना क्लबला एक भीती असते: पैसे पक्के झाल्यावर हा माणूस सराव सोडेल का? बेसबॉलमधले हे करार हमीचे असतात. खेळाडू फॉर्मात नसला, जखमी झाला, नकोसा झाला, तरी पूर्ण रक्कम द्यावी लागते. म्हणून क्लब त्याच्या जुन्या प्रशिक्षकांशी, सहकाऱ्यांशी, फिजिओशी बोलतात. हिवाळ्यात तो काय करतो, तरुण खेळाडूंशी कसा वागतो, हरल्यावर कसा असतो. ही माहिती आपल्यापर्यंत पोचत नाही. आपल्यापर्यंत पोचतो तो मुलाखतीतला एक तुकडा.

कधी कधी पोचते ती मुद्दाम पोचवलेली गोष्ट. २००० साली अॅलेक्स रॉड्रिगेझ मोकळा झाला तेव्हा मेट्सचे जनरल मॅनेजर स्टीव्ह फिलिप्स यांनी बोलणी सोडताना सांगितलं की त्याच्या मागण्या पाहता आमचा संघ '२४ अधिक एक' होईल: २५ जणांचा संघ, पण एकाची गादी वेगळी. स्वतंत्र कार्यालय वगैरे मागण्यांच्या बातम्या आल्या. एजंट स्कॉट बोरास यांनी त्या नाकारल्या. काही आठवड्यांनी टेक्सासने त्याला १० वर्षांसाठी २५.२ कोटी डॉलर दिले. मेट्सला तेवढे द्यायचे नव्हते, हेही कारण असू शकतं. पण 'आम्हाला परवडत नाही' यापेक्षा 'तो आमच्या संस्कारांत बसत नाही' हे चाहत्यांना सांगायला जास्त बरं पडतं. रॉड्रिगेझबद्दल पुढे जे निघालं, उत्तेजक द्रव्यांची कबुली, २०१४ च्या पूर्ण हंगामाची बंदी, ते कुणाच्याही '२४ अधिक एक'मध्ये नव्हतं.

आणि एक प्रकार असा आहे जो लिहितानाही कडू लागतो. २०१५ च्या शेवटी गोलंदाज आरोल्डिस चॅपमनला डॉजर्स घेणार होते. तेवढ्यात त्याच्यावरच्या घरगुती हिंसाचाराच्या आरोपांची बातमी आली आणि तो व्यवहार मोडला. त्याच्यावर खटला भरला गेला नाही. पण लीगने आपल्या नव्या धोरणानुसार ३० सामन्यांची बंदी घातली. त्या मधल्या काळात यांकीजने त्याला घेतलं, आणि त्यांचे जनरल मॅनेजर ब्रायन कॅशमन यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की परिस्थितीमुळे त्याची किंमत बदलली होती. पुढच्या जुलैत त्यांनी त्याला शिकागो कब्जला दिलं, कब्जने १०८ वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकली, आणि डिसेंबर २०१६ मध्ये यांकीजने त्याला पुन्हा ५ वर्षांसाठी ८.६ कोटी डॉलर देऊन परत आणलं. मचाडोचं न पळणं ज्यांना 'खपणार नव्हतं' तोच हा क्लब. मोठ्या आणि छोट्या दोषांचा फरक नैतिक तराजूवर होतो असं आपण समजतो. बाजारात तो फरक किती सूट मिळते यात मोजला जातो.

## अफवा कोण सोडतं?

चार जण असतात. एजंटला जास्त गिऱ्हाईकं दिसायला हवी असतात. क्लबला कधी 'आम्ही प्रयत्न केला' असं चाहत्यांना दाखवायचं असतं, कधी भाव पाडायचा असतो. वार्ताहराला पहिलं व्हायचं असतं. आणि चौथे आपण, ज्यांना दर अर्ध्या तासाने काहीतरी नवं हवं असतं.

२०१८-१९ च्या हिवाळ्यात शिकागो व्हाइट सॉक्सने मचाडोला आकर्षित करायला त्याचा सख्खा मेव्हणा योंडर अलोन्सो आणि जवळचा मित्र जॉन जे या दोघांना संघात घेतलं. शिकागोच्या चाहत्यांनी गणित मांडलं: मेव्हणा आला, मित्र आला, आता नवरदेव येणारच. जानेवारीत इएसपीएनवर बातमी आली की व्हाइट सॉक्सची बोली ७ वर्षांसाठी १७.५ कोटी डॉलरची आहे. अपेक्षेच्या मानाने ती फार कमी होती. लगेच मचाडोचे एजंट डॅन लोझानो यांनी निवेदन काढलं, दोन ज्येष्ठ वार्ताहरांची नावं घेऊन, की या बातम्या चुकीच्या आणि बेजबाबदार आहेत.

नंतर जे बाहेर आलं त्यानुसार व्हाइट सॉक्सची शेवटची बोली ८ वर्षं आणि २५ कोटींची होती, वर काही अटी. मग जानेवारीतली बातमी खोटी होती, की पाच आठवड्यांत बोली साडेसात कोटींनी वाढली? बाहेरच्या माणसाला हे सांगता येत नाही. कमी आकडा छापून आला तर इतर क्लबांना वाटणार की भाव उतरलाय. म्हणून तो नाकारण्यात एजंटचा फायदा, तो खरा असो वा खोटा. १९ फेब्रुवारीला, सराव शिबिरं सुरू झाल्यावर, बातमी आली: सॅन डिएगो पाद्रेज, १० वर्षं, ३० कोटी डॉलर. अमेरिकन खेळांतल्या फ्री एजंटचा तोपर्यंतचा सगळ्यात मोठा करार. हिवाळ्याच्या सुरुवातीला पाद्रेजचं नाव फारसं कुणी घेत नव्हतं. ब्रोकरची ती दुसरी पार्टी या वेळी खरोखर होती.

उलट टोकाचं उदाहरण जपानी खेळाडू शोहेई ओहतानीचं. डिसेंबर २०२३. त्याच्या बाजूने इतकी गुप्तता की क्लबांना बोलायचीही चोरी. डॉजर्सचे मॅनेजर (बेसबॉलमध्ये मुख्य प्रशिक्षकाला हे नाव) डेव्ह रॉबर्ट्स यांनी 'हो, आम्ही त्याला भेटलो' एवढं म्हटलं, तर तीच मोठी बातमी झाली. माहिती नाही म्हटल्यावर लोकांनी विमानं मोजायला सुरुवात केली. ८ डिसेंबरला दक्षिण कॅलिफोर्नियातून टोरंटोला निघालेलं एक खाजगी विमान कुणीतरी नकाशावर शोधून काढलं. एका नामांकित वार्ताहराने ओहतानी टोरंटोच्या वाटेवर असल्याचं सांगून टाकलं. टोरंटोच्या संघातल्या, म्हणजे ब्लू जेजच्या, युसेई किकुचीने, जो ओहतानीच्याच शाळेचा, एक अख्खं सुशी रेस्टॉरंट राखून ठेवलंय अशीही वावडी उठली. विमान उतरलं. आतून कॅनडातले उद्योगपती रॉबर्ट हर्जावेक कुटुंबासह बाहेर आले. दुसऱ्या दिवशी ओहतानीने स्वतः इन्स्टाग्रामवर जाहीर केलं: डॉजर्स.

टोरंटोच्या लोकांचं त्या एका दिवसात जे झालं, त्यावर हसू येतं आणि थोडं वाईटही वाटतं.

## 'ठरलं' म्हणजे सही झाली का?

नाही. बातमीत 'सहमती' म्हटलं असेल तर अजून वैद्यकीय तपासणी बाकी असते. डिसेंबर २०२२ मध्ये कार्लोस कोरेयाचं सॅन फ्रान्सिस्को जायंट्सशी १३ वर्षांसाठी ३५ कोटींना ठरलं. पत्रकार परिषदेच्या दिवशी ती रद्द झाली; पायाच्या जुन्या दुखापतीबद्दल डॉक्टरांना शंका होती. लगेच मेट्सशी १२ वर्षांसाठी ३१.५ कोटींना ठरलं. तिथेही डॉक्टर अडले. जानेवारीत तो आपल्या जुन्याच मिनेसोटा ट्विन्सकडे परतला, ६ वर्षं, २० कोटी. त्याच्या स्वभावावर त्या महिन्यात बरंच बोललं गेलं. पंधरा कोटी डॉलर कमी झाले ते घोट्यामुळे.

आकडाही दिसतो तसा नसतो. ओहतानीचे ७० कोटी डॉलर १० वर्षांसाठी आहेत, पण त्यातले ६८ कोटी त्याला २०३४ ते २०४३ या काळात मिळणार. खेळत असताना वर्षाला फक्त २० लाख. पुढे मिळणाऱ्या पैशाचं आजचं मूल्य कमी असतं, म्हणून करासाठी हा करार वर्षाला ७ कोटींऐवजी साधारण ४.६ कोटींचा धरला जातो. त्याला लोभी म्हणणारे आणि त्यागी म्हणणारे, दोघांनीही हा तपशील आपापल्या सोयीने वापरला.

## चाहत्यांचा यात काय संबंध?

'पैसे मालकाचे, निर्णय खेळाडूचा, तुम्ही का रक्त आटवता?' असं कुणी म्हटलं तर ते मला अर्धवट वाटतं. दहा-पंधरा वर्षांचा करार म्हणजे संघाचा पुढचा काळ त्यावर बांधलेला असतो. तो फसला तर दुसरे खेळाडू घेता येत नाहीत आणि संघ वर्षानुवर्षं तळाला राहतो. रॉड्रिगेझच्या टेक्सासमधल्या तिन्ही वर्षांत संघ आपल्या गटात शेवटचा आला, तो स्वतः उत्तम खेळत असताना. चाहत्यांना काळजी वाटणं रास्त आहे.

रास्त नाही ती एकतर्फी निष्ठेची मागणी. क्लबने खेळाडूला पाच पोरांच्या बदल्यात दिलं तर तो 'धंद्याचा निर्णय', आणि सहा वर्षं वाट पाहून खेळाडूने जास्त पैसे देणारा क्लब निवडला तर तो भाडोत्री. फ्लडच्या पत्राला पन्नासहून जास्त वर्षं झाली तरी ही भाषा पूर्ण गेलेली नाही.

मचाडोचं पुढे काय झालं? पहिलं वर्ष साधारण गेलं. २०२० मध्ये तो एमव्हीपीच्या, म्हणजे लीगमधल्या सर्वात मोलाच्या खेळाडूच्या, मतदानात तिसरा आला आणि पाद्रेज २००६ नंतर पहिल्यांदा प्लेऑफमध्ये गेले. २०२२ मध्ये दुसरा आला, आणि त्या ऑक्टोबरमध्ये पाद्रेजनी डॉजर्सनाच घरी पाठवलं. सप्टेंबर २०२१ मधला एक प्रसंग कॅमेऱ्यात सापडलाय: संघातला तरुण तारा फर्नांडो ताटिस ज्युनियर पंचाच्या निर्णयावर रुसून बसला होता, आणि डगआउटमध्ये त्याच्यावर ओरडून 'हे तुझ्या एकट्याचं नाही, जा आणि खेळ' असं सुनावणारा होता मचाडो. तोच, ज्याला शिस्त नाही म्हणून न्यूयॉर्क नाक मुरडत होतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये पाद्रेजने त्याचा करार नव्याने केला, ११ वर्षं, ३५ कोटी. त्या घडीला तो तीस वर्षांचा होता. चाळिशीपर्यंतचे पैसे देणं शहाणपणाचं की नाही यावर सॅन डिएगोत आजही दोन तट आहेत.

हा सगळा खेळ मात्र आहे तसाच राहील असं नाही. मालक आणि खेळाडू संघटना यांच्यातला सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ पर्यंतचा आहे. पगारखर्चावर पक्की मर्यादा हवी, ही मालकांपैकी अनेकांची जुनी मागणी आहे आणि संघटनेचा तिला तितकाच जुना विरोध. तशी मर्यादा आली, तर कुठल्या क्लबकडे किती जागा शिल्लक आहे हे शाळकरी पोरालाही बेरीज करून सांगता येईल. मग 'मिस्टरी टीम' फार तर दोन-तीन उरतील, आणि एजंटांना निरोप पाठवायचा दुसरा मार्ग शोधावा लागेल.